एफएम सोडून बाकी सगळं येतंय

मी समुपदेशक. जानेवारी लागला की माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. परीक्षा महिन्यावर आली आणि अमुक विषय अजून कच्चाच आहे. यात फेब्रुवारीतली 'गेट', म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा देणारी इंजिनिअरिंगची मुलं जास्त. त्याआधी दिवाळीच्या सुमारास आयआयएमच्या एमबीए प्रवेशाचे 'कॅट'वाले येऊन गेलेले असतात आणि पुढे एमबीए-एमसीएच्या सीईटीवाले येतात. बेळगाव सीमाभागातली आमची मुलं कर्नाटकची पीजीसीईटीही देतात आणि महाराष्ट्राची सीईटीही, त्यामुळे आमच्याकडे हा हंगाम जरा लांबतोच. परीक्षा कुठलीही असो, वाक्य एकच: "मॅडम, तेवढा एक विषय सोडला तर बाकी सगळं येतंय. एवढ्या दिवसांत तो होईल काय?"

'होईल' किंवा 'होणार नाही' असं ठणकावून सांगणारे त्यांना आधीच भेटलेले असतात. क्लासवाले सांगतात, आता नवीन काही हातात घेऊ नका. घरातला कुणीतरी मामा सांगतो, अठरा तास बस, सगळं होतंय. मी म्हणते, सोडवलेले पेपर घेऊन ये, मग बोलू. बहुतेकजण पहिल्यांदा येताना वेळापत्रक आणतात, पेपर आणत नाहीत. मला तर यातच निम्मी गोष्ट कळते.

सूरजनेही वेळापत्रकच आणलं होतं. (नाव बदललं आहे. गाव खानापूर तालुक्यातलं, एवढं पुरे.) दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, मग मेकॅनिकल. वडील बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात मोल्डर, वाळूचे साचे करणारे. गेल्या वर्षीची 'गेट' अगदी थोडक्यात हुकलेली, ही दुसरी खेप. वेळापत्रकात चार रंगांच्या पेनांनी आखलेले चौकोन होते आणि लाल रंगात रोज सहा तास 'एफएम', म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स.

"रोज सहा तास होतं काय रे एफएम?"

"पहिले दोन दिवस झालं, मॅडम."

"मग?"

"मग पुस्तक उघडलं की झोप येत्येय. भर सकाळीसुद्धा. एसओएम काढलं की जात्येय."

एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, त्याचा पक्का विषय. हसून सांगत होता, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्री झोप नाही आणि पुस्तक उघडलं की झोप. शरीर आपली बाजू घेऊन विषयापासून पळतं तेव्हा असंच होतं. आळशी पोराला रात्री झोप लागते. याला लागत नव्हती.

पुढच्या वेळी तो चार सराव पेपर घेऊन आला. मी इंजिनिअर नाही, बर्नोलीचं समीकरण मला कुणी समजावलं तरी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. या कामात त्याचा मला फायदाच होतो. मी प्रश्न सोडवत बसत नाही, पोरगं कुठे काय करतं ते बघते. त्याला म्हटलं, प्रत्येक प्रश्नापुढे खूण कर: बरोबर, चूक, की हातच लावला नाहीस.

एफएमचे चारही पेपरांत मिळून बावीस प्रश्न होते. सोळांना त्याने हातच लावला नव्हता. सोडवलेल्या सहांपैकी चार बरोबर. उलट एसओएम, मशीन डिझाइन आणि प्रॉडक्शन, म्हणजे ज्यांवर तो छाती ठोकत होता ते तीन विषय, त्यांत एकतीस चुका. त्यातल्या बावीस अशा, की घरी परत पाहिल्यावर त्याच्या त्यालाच दोन मिनिटांत कळल्या. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले, मेगापास्कलच्या जागी किलोपास्कल धरले, 'जास्तीत जास्त' विचारलं होतं तिथे 'कमीत कमी' काढलं. एफएमपेक्षा कितीतरी जास्त गुण त्याच्या पक्क्या विषयांतून गळत होते आणि वेळापत्रकात त्यासाठी एकही चौकोन नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. 'गेट'मध्ये ६५ प्रश्न, १०० गुण आणि तीन तास. एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न चुकला तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापले जातात. मात्र जिथे उत्तराचा आकडा टाइप करायचा असतो किंवा एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथे उणे गुण नाहीत. सूरजने सोडलेल्या सोळांपैकी बरेच आकडा टाइप करायचे होते. चुकले असते तरी खिशातून काही जाणार नव्हतं.

"मग सोडलास का?"

"निगेटिव्ह नको म्हणून."

"यांना निगेटिव्ह आहे?"

तो पेपराकडे बघत राहिला. त्याला नियम पाठ होता, माझ्यापेक्षा चांगला.

त्या सोळांतला एक प्रश्न मी निवडला. निवडायचा निकष एवढाच, की सगळ्यांत कमी ओळींचा. घड्याळ उलटं ठेवलं आणि म्हटलं, "सुटला नाही तरी चालेल. फक्त शेवटच्या शब्दापर्यंत वाच, आणि दिलेलं काय नि विचारलेलं काय ते कागदावर लिही." प्रश्न पुढे अरुंद होत जाणाऱ्या पाइपमधून वाहणाऱ्या पाण्याचा होता. त्याने आकडे लिहिले, एक आकृती काढली, मग माझी परवानगी न घेताच पुढे सोडवत गेला. पाचेक मिनिटांत उत्तर आलं. मागे उलटून ताडून बघितलं, बरोबर होतं.

त्याला आनंद झाला नाही. गोंधळला. पेपर पुन्हा उलटला, त्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मला येत नव्हतं असं नव्हे. मी हे वाचलोच नव्हतो."

मी गप्प बसले. असं वाक्य समोरच्याच्या तोंडून निघतं तेव्हा समुपदेशकाने आपलं ज्ञान आवरून बसावं, एवढं इतक्या वर्षांत मला जमायला लागलं आहे. तो पुढचा प्रश्न बघू लागला, मग त्याच्या पुढचा. दुसऱ्यात अडला, पण कुठल्या पायरीवर ते त्याला सांगता आलं. तिसरा खरंच येत नव्हता. 'एफएम येत नाही' या एका मोठ्या दगडाचे त्याच्यासमोर तीन वेगळे ढीग झाले होते.

मग विषयाची कुळकथा निघाली. दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत तो इंग्रजीत अडखळला, 'व्हिस्कॉसिटी' भलतंच उच्चारलं आणि खोलीत हशा पिकला. त्या सेमिस्टरला एफएम राहिला. नंतर बॅक निघाली, पण पुस्तकाशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

"हसले तेव्हा मनात काय आलं?"

"की मराठी शाळेतल्यांचं हे काम नव्हे."

"आणि आता एफएमचा प्रश्न दिसला की?"

बराच वेळ गेला. "तेच येतंय."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत वाढलेली आहे आणि हे लपवत नाही. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच काम लावून घेतलं: न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. महिनाभरात शंभरावर जणींशी बोलण्याचा प्रयत्न झाला. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली, असं ते स्वतः सांगत. सूरजला हा किस्सा फार आवडला. मला त्याला एवढंच दाखवायचं होतं, की नकार आला तरी माणूस जागच्या जागी शाबूत राहतो. गुण उत्तराला मिळतात. उत्तर चुकलं म्हणून सोडवणारा आख्खा नापास होत नाही. एफएममध्ये दोन प्रश्न चुकणं आणि 'हे माझं काम नव्हे' यांच्यामध्ये जी उडी होती ती त्याची त्याने मारलेली होती, कुठल्याच पेपरने मारायला सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात वडील आले. हाताला वाळूचा वास, खुर्चीच्या कडेवर बसलेले. "मॅडम, मी रोज सांगतो, एफएम कर, एफएम कर. दुसरं काय सांगायचं आम्ही?"

मी विचारलं, "दादा, तुमच्याकडे कास्टिंग रिजेक्ट झालं तर काय करता?"

"बघतो की काय झालंय ते. ब्लो होल, म्हणजे आत हवेचं भोक असलं तर वाळूत ओल जास्त झाली असणार. अर्ध्यात थिजलं असलं तर लोखंड गार पडलं होतं. आकसलं असलं तर जादा लोखंड पुरवणारा रायझर बघायचा."

"मोल्डर वाईट आहे असं म्हणत नाही?"

"तसं म्हणून कास्टिंग सुधारतंय होय?" ते हसले. मग मुलाकडे बघून थांबले. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. त्या दिवसापासून सूरजच्या वहीत चुकांच्या पानावर 'रिजेक्शन' असा मथळा आला आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचा रकाना.

आता जे माझ्याकडे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. महिना हातात असेल तर कच्च्या विषयाचं पुस्तक पहिल्या पानापासून काढू नका. गेल्या काही पेपरांतले त्या विषयाचे न सोडवलेले प्रश्न बिनघड्याळाचे सोडवा. जे सुटतील ते तुम्हाला येतच होते, त्यांना फक्त भीती आडवी आली होती. जे एका पायरीवर अडतील, त्या पायरीसाठी महिना भरपूर आहे, सगळी मेहनत तिथेच घाला. जे मुळीच येत नाहीत, त्यातले वारंवार विचारले जाणारे दोन-तीन भाग घ्या आणि बाकीचे खुशाल सोडा. ठरवून सोडणं आणि घाबरून सोडणं यात फरक आहे. ठरवून सोडलेला प्रश्न रात्री झोपमोड करत नाही.

आणि पक्के विषय तपासा, कारण सांडलेले गुण तिथे स्वस्तात परत मिळतात. सूरज घरी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर सराव करत होता, 'गेट'मध्ये मात्र पडद्यावरचाच वापरावा लागतो. तो माउसने चालवायची सवय झाली आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची शिस्त लागली, तेवढ्यावर निम्म्या चुका थांबल्या. मेकॅनिकलच्या पेपरात जनरल ॲप्टिट्यूडचे १५ आणि इंजिनिअरिंग मॅथ्सचे साधारण १३ गुण असतात. एका विषयासाठी रडणाऱ्या मुलांनी या २८ गुणांकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, हा माझा दरवर्षीचा वैताग.

वाचत बसण्याबद्दलही बोललं पाहिजे. रॉडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या तोंडावर मुलं वाचत सुटतात ती या पाच मिनिटांच्या समाधानापोटी. वही मिटा, कोऱ्या कागदावर सूत्र आणि ते कधी लागू पडतं हे लिहा, अडलं की मगच उघडा. आणि प्रश्न धड्याप्रमाणे न सोडवता मिसळून सोडवा. परीक्षेत 'हा प्रश्न अमुक धड्यातला' असं वर कुणी लिहून देत नाही.

परीक्षेप्रमाणे हिशेब थोडा बदलतो. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि उणे गुण नाहीत, म्हणजे तिथे कोरा प्रश्न सोडणं हा नुसता तोटा. 'कॅट'मध्ये प्रत्येक विभागाला ४० मिनिटं आणि ती संपेपर्यंत दुसऱ्या विभागात जाता येत नाही. नावडत्या विभागातून पळायची सोयच नाही, तेव्हा तिथे त्या चाळीस मिनिटांत शांत बसून सोपे प्रश्न हुडकायचा सराव आधी हवा.

सूरजच्या मुख्य पेपरात एफएमचे प्रश्न त्याने सगळे वाचले. दोन ठरवून सोडले. आयआयटी मिळाली नाही, एका एनआयटीत एम.टेक.ला जागा मिळाली. विषय निवडताना फोन आला, "मॅडम, थर्मल घेऊ काय? त्यात एफएम लई आहे." मी विचारलं, तुला काय वाटतं. त्याने थर्मलच घेतलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, हे कबूल करते.

आई-वडिलांना एकच विनंती. 'तो विषय झाला काय?' असं रोज विचारू नका. विचारायचंच असेल तर 'आज कुठली चूक सापडली?' विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. आणि पोरांनो, आठच दिवस उरले असतील तर नवा धडा उघडू नका, चुकांची वही आणि दोन पूर्ण पेपर एवढंच करा, पेपर ज्या वेळी आहे त्याच वेळी बसून. केंद्र हुबळीचं आलं असेल आणि पेपर सकाळच्या साडेनऊच्या सत्रात असेल, तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, पहाटेच्या बसवर भरवसा ठेवू नका.