मुलाला डिस्लेक्सिया आहे, शाळेकडून नेमकं काय मागायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, खासगी तपासणीत डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अवघड जाणं) निघाला आणि शाळा म्हणते, "सरकारी सर्टिफिकेट आणा, मग बघू." माझी मुलगी आता आठवीत आहे, आम्हालाही हेच ऐकवलं होतं. सर्टिफिकेट काढाच, पण तोवर शाळेला हातावर हात ठेवून बसू देऊ नका.

सर्टिफिकेटचा उपयोग मुख्यतः परीक्षेच्या सवलतींसाठी: जादा वेळ, लेखनिक, भाषेतली सूट. मुंबईत सायन, नायर आणि पुण्यात ससून या रुग्णालयांत ते काम होतं. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, त्यामुळे एका फेरीत उरकेल असं धरू नका. वर्गातल्या खऱ्याखुऱ्या वह्या सोबत न्या, घरी बसून सुवाच्य करून घेतलेल्या नकोत. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळायचं आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागायची; २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून आत्ताचा नियम रुग्णालयातच विचारून घ्या. दहावीच्या आधी हा फेरा परत पडू शकतो, हे धरून चाला.

पण सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. जादा वेळ द्यायला शाळेचं काही जात नाही, म्हणून शाळा लगेच मान डोलावते. ज्या पोराला "पर्वत" आणि "प्रवास" यातला र कुठे बोलायचा तेच कळत नाही, त्याने जादा वीस मिनिटं प्रश्नपत्रिकेकडे बघून काय करायचं? वाचायला कोण शिकवणार, कधी आणि कसं, हे विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चं सोळावं कलम अनुदानितच नव्हे, मान्यताप्राप्त शाळांबद्दलही आहे आणि त्यात शिकण्यातली अक्षमता लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. (पत्राची सुरुवात मात्र कलमाने करू नका, मुख्याध्यापक लगेच संस्थेच्या वकिलाकडे बघतात.)

प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलंय. आमच्या शाळेत एकही नव्हता. म्हणून आम्ही बाहेरच्या स्पेशल एज्युकेटरना घेऊन वर्गशिक्षिकेसमोर बसलो आणि एक पानी आराखडा केला. बाईंनी आधी लिहिलं, "वाचनात सुधारणा होईल." ते खोडून घेतलं. त्याजागी आलं: दिवाळीपर्यंत दुसरीच्या पुस्तकातला, साधी जोडाक्षरं असलेला उतारा न अडखळता वाचेल, दर शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी बाई एक मिनिट वाचून घेतील आणि चुकलेले शब्द वहीत मागच्या पानावर लिहितील. "सुधारणा" झाली की नाही यावर नुसता वाद होतो. मागचं पान उघडलं की ते दिसतं.

वर्गातल्या बारीकसारीक गोष्टीही त्याच पानावर लिहून घ्या. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही. फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नाही, बाईंनी फोटो पाठवायचा. इतिहास-भूगोलाची उत्तरं तोंडी घ्यायची. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी कागद लागत नाही.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींत ईमेल करा, "ताई, आज बोलल्याप्रमाणे" अशा सुरात. तोंडी कबुली पुढच्या चाचणीपर्यंत टिकत नाही.

एक सावधगिरी. कुणीतरी सांगेल, "मोठा झाल्यावर गणितच सोपं घ्या की, कटकट मिटेल." दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेतलं तर पुढच्या बऱ्याच वाटा अवघड होतात. मुलाची अडचण वाचनात असेल आणि आकडेमोड ठीक असेल, तर या सवलतीला आत्ता हातही लावू नका.

आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतील. नव्या बाईंना जुन्या पानाचं कुणी काही सांगत नाही, असा माझा दरवर्षीचा अनुभव. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात प्रत घेऊन स्वतः भेटा.