वाचकांचे प्रश्न : घराण्याची हकिकत आणि डोंगराचे गाणे

प्रश्न : अमेरिकी कादंबरीकार शॅरिन मॅक्रम यांचे लेखन घराण्याच्या इतिहासातून आले आहे, असे वाचले. आमच्याही घरात घाट चढून वर आलेल्या पूर्वजांची हकिकत सांगतात. अशा घरगुती गोष्टीचे साहित्य कसे होते?
— एक वाचक, भोर

उत्तर : मॅक्रम यांच्या लेखनात घराणे आणि डोंगर वेगळे काढता येत नाहीत. त्यांचे पणजोबा नॉर्थ कॅरोलायनातील स्मोकी पर्वतराजीत घोड्यावरून वस्तीवस्तीला फिरणारे धर्मोपदेशक होते आणि गोष्ट सांगण्याचे अंग आपल्याला तिथूनच लाभले, असे त्या मानतात. आपल्या कादंबऱ्यांना त्या गोधडीची उपमा देतात. दंतकथा, जुनी गाणी, गावातली एखादी दुर्घटना, असे तुकडे जोडत त्या पुढे जातात.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची २००१ मधील ‘द साँगकॅचर’ ही कादंबरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १७५१ मध्ये स्कॉटलंडच्या आयला बेटावरून माल्कम मॅक्कुरी या लहान मुलाला पळवून नेऊन जहाजावर कामाला जुंपले गेले. पुढे तो न्यू जर्सीत वकील झाला, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि उतारवयाकडे झुकताना नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत येऊन राहिला. हा लेखिकेचा खराखुरा पूर्वज. एवढ्या ऐवजावर कोणीही त्याचे चरित्र रंगवले असते. मॅक्रम यांनी मात्र त्या पोराला जहाजावर एक गाणे शिकवले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या ओठी गेले, याचा माग काढला. ही निव्वळ कल्पनेची भरारी नव्हे, कारण इंग्रज लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१६ ते १९१८ या काळात याच डोंगरांत हिंडून, ब्रिटनमधून आलेली आणि घराघरांत टिकलेली कितीतरी कथागीते टिपून घेतली होती.

डोंगराचे नातेही असेच मुळापर्यंत जाते. अटलांटिक महासागर तयार होण्यापूर्वी अ‍ॅपलाचियन पर्वत (स्मोकी पर्वतराजी त्याचाच भाग) आणि स्कॉटलंडचे डोंगर एकाच रांगेत होते. मायदेश सोडून निघालेली माणसे नकळत आपल्याच डोंगरांत येऊन वसली, हा विचार मॅक्रम यांच्या लेखनात आला आहे आणि मला तो विलक्षण हृद्य वाटतो.

तेव्हा वंशावळीपासून आरंभ करू नये. पूर्वज वरंधा घाटाने आले की दुसऱ्या वाटेने, वाटेत पाणी कोठे होते, ओझे कोणाच्या पाठीवर होते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्या वाटेची जात्यावरची एखादी ओवी आठवते का, हे आधी विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.