सरावात जमतं, मॅचमध्ये हातपाय का गळतात?

"मॅडम, घरच्या रिंगात दहातले सात टाकते ओ ही. मॅचला उभी राहिली की हातपाय गळत्यात. मनातली भीती तेवढी काढा."

साताऱ्यातल्या एका आठवीच्या मुलीच्या आईनं पहिल्या भेटीत हेच सांगितलं. मुलगी १३ वर्षांची, शाळेच्या १४ वर्षांखालील बास्केटबॉल संघात गार्ड, म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारी खेळाडू. उन्हाळी स्पर्धेत तिच्या हातून सारखा बॉल गेला, दुसऱ्या हाफमध्ये सरांनी तिला बसवलं, आणि घरी आल्यावर ती म्हणाली, "मला नाही खेळायचं." अशी तक्रार घेऊन दर मोसमात पालक येतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदललेले आहेत.

'भीती' हा शब्द पालक, शिक्षक आणि मूल तिघंही पटकन वापरतात. म्हणून आधी पाहायचं असतं की ही भीती मैदानापुरती आहे की सगळीकडे. ही मुलगी वर्गात तोंडी परीक्षा व्यवस्थित देत होती, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर निवेदन करत होती. मॅचच्या आदल्या रात्री झोप नीट, पोटात गोळा नाही, उलट्या नाहीत. घाबरट स्वभावाचं चित्र काही दिसत नव्हतं. मग तिला एकच प्रश्न विचारला: "बॉल हातात आला की तुला काय दिसतं?"

थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "बॉलच दिसतो."

पुढची भेट त्यामुळे मैदानावर ठेवली, तिच्या क्रीडाशिक्षकांना बरोबर घेऊन. तिला जागेवर उभं राहून ड्रिबल करायला, म्हणजे एका हातानं बॉलचे टप्पे पाडत राहायला सांगितलं आणि चार-पाच पावलांवरून सर बोटं दाखवत राहिले. किती बोटं, ते तिनं मोठ्यानं सांगायचं. उजव्या हातानं ड्रिबल करताना दहापैकी सहा वेळा बरोबर आलं. डाव्या हाताला बॉल दिला, तिसऱ्याच टप्प्याला तो बुटावर आपटून लांब गेला. दुसऱ्यांदा बॉल टिकला, पण मान खाली गेली ती वर आलीच नाही. सर बोटं दाखवतायत याचाही तिला विसर पडला होता.

आई ज्याला भीती म्हणत होती ती इथून सुरू होत होती. नजर बॉलवर अडकलेली, म्हणून समोरून येणारी बचावपटू दिसते ती हाताच्या अंतरावर आल्यावर. तेव्हा दचकून ती बॉल दोन्ही हातांत धरते. एकदा धरला की पुन्हा ड्रिबल करता येत नाही, केला तर तो 'डबल ड्रिबल' हा नियमभंग. चिकटून बचाव करणारी खेळाडू समोर असेल तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावाच लागतो. पाय तर एकाच जागी रोवलेले. मग घाईचा, हवेत तरंगणारा पास जातो आणि समोरचा संघ तो अलगद उचलतो. असं तीनदा झालं की चौथ्या वेळी कोणीही बॉल मागणार नाही. तीही मागत नव्हती. अनुभवावरून ती ते अगदी रास्तपणे शिकली होती. तिला नुसतं 'घाबरू नकोस' सांगून काय फरक पडणार होता?

आता घरच्या रिंगकडे येऊ, कारण दहातले सात हा आकडा तिथूनच आला होता. वडिलांनी मोठ्या हौसेनं अंगणात रिंग बसवून घेतली होती. वर छज्जा येत असल्यानं ती २.७५ मीटरवर, म्हणजे नऊ फुटांवर लागली होती. मैदानावरची रिंग ३.०५ मीटरवर असते. बॉल सात नंबरचा. "जड बॉलवर हात बसला की हलका सहज जाईल," असा वडिलांचा हिशोब. पण सात नंबर हा पुरुषांचा बॉल, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. मुली खेळतात तो सहा नंबर, ५१० ते ५५० ग्रॅम. जड आणि मोठा बॉल एका हातानं उचलत नाही, म्हणून ती तो छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायला शिकली. रिंग बुटकी आणि अंतर जेमतेम अडीच मीटर, त्यामुळे सपाट ढकललेला बॉलही भिंतीवर आपटून आत पडत होता.

सपाट शॉट मैदानावर का चालत नाही, हे मुलांना समजावून सांगावं. तेरा वर्षांच्या मुलाला ते छान कळतं. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर. सहा नंबरच्या बॉलचा व्यास साधारण २३. बॉल सरळ वरून खाली आला तर त्याला पूर्ण ४५ सेंटीमीटरची वाट मिळते. ४५ अंशांच्या उतारानं आला तर ती ३२ सेंटीमीटर उरते. ३० अंशांनी सपाट आला तर साडेबावीस, म्हणजे कडेला घासल्याशिवाय तो आत जाऊच शकत नाही. हे वहीत काढून दाखवल्यावर मुलगी आपण होऊन म्हणाली, "म्हणजे माझा बॉल वरच जात नाही."

सर आणि आम्ही मिळून जो सराव ठरवला तो चार दिवस मैदानावर, दोन दिवस घरी, रोज ५० मिनिटं. घरी शॉट पूर्ण बंद. घरी फक्त ड्रिबल आणि भिंतीवर पास, तेही सहा नंबरच्या बॉलनं. साताऱ्यात जून ते सप्टेंबर सिमेंटच्या कोर्टाचा भरवसा नसतो. ओल्या, शेवाळलेल्या कोर्टवर पळवून मुलीचा घोटा मुरगळून घेण्यात काही अर्थ नाही. अशा दिवशी शाळेचा कोरडा व्हरांडा ड्रिबलला पुरतो.

ड्रिबलला रोज १५ मिनिटं. गुडघे वाकलेले, बॉल गुडघ्याच्या वर उसळू द्यायचा नाही. ढकलायचा बोटांच्या पेरांनी. तळहाताचा फट्‌फट् आवाज आला की समजायचं, हात चुकतोय. ३० सेकंद उजवा, मग ६० सेकंद डावा, असे सहा फेरे. कमकुवत हाताला दुप्पट वेळ द्यायचाच, नाहीतर मूल नकळत चांगल्या हाताकडे वळतं. आणि सगळा वेळ समोर कोणीतरी बोटं दाखवायची. हे काम धाकट्या भावाकडे आलं आणि त्यानं ते फार मनापासून केलं. दोन आठवड्यांनी जागेवरून चालत, मग पळत, मग मोकळ्या हातानं टेनिस बॉल वर उडवून झेलत. टेनिस बॉल झेलायचा तर मान वर ठेवावीच लागते.

शॉटसाठी १५ मिनिटं. सुरुवात रिंगपासून दीड मीटरवर. फार जवळ वाटतं, मुलांना कमीपणाही वाटतो, पण हात तिथेच घडतो. बॉल एका हातावर, कोपर बॉलच्या खाली, दुसरा हात बाजूला नुसता टेकलेला. जोर गुडघ्यांतून वर येतो, शेवटी मनगट पुढे वाकतं आणि बॉल उलटा फिरत जातो. बॉलवरच्या काळ्या रेषांकडे पाहावं. त्या समान लयीत मागे फिरताना दिसल्या तर हात सरळ आहे. तिरक्या डगमगल्या तर टेकवलेला हात ढकलतोय. तिथून २५ शॉट आत जाईपर्यंत मागे सरकायचं नाही. मग अर्धा-अर्धा मीटर मागे. बॉल पोचवायला अंग झोकावं लागलं की ते अंतर आज आपलं नाही.

यानंतरची २० मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच वगळली जातात. एकाच जागेवरून ५० शॉट मारले की विसाव्यानंतर हात आपोआप चालतो, आकडा चांगला दिसतो, घरचे खूश होतात. मॅचमध्ये मात्र तोच शॉट लागोपाठ दोनदाही मिळत नाही. प्रत्येक वेळी आधी पाहायचं, मग ठरवायचं, मग टाकायचं. हे पाहणं आणि ठरवणं रिकाम्या कोर्टवर होत नाही. म्हणून एकास एक, दोनास दोन, तीनास तीन असे छोटे डाव. पाचास पाचमध्ये बुजरी मुलगी कोपऱ्यात लपू शकते. दोनास दोनमध्ये दर काही सेकंदांनी बॉल तिच्याकडे येतोच.

याच डावांत तिला अडकल्यावरची सुटका शिकवली. बॉल धरताना दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं, गुडघे वाकलेले. बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. मग एक पाय रोवून दुसऱ्यानं वळायचं, म्हणजे पिव्हट, आणि पाठ बचावपटूकडे करून पास शोधायचा. रोवलेला पाय बदलला की 'ट्रॅव्हलिंग' हा पावलांचा नियमभंग, म्हणून सुरुवातीला त्या बुटावर खडूची खूण केली होती. दोन्ही बाजूंना रोज दहा-दहा वेळा. तीन आठवड्यांनी तिला विचारलं, आता कोणी अंगावर आलं तर काय होतं? "वळायचं माहितीये ना," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवावी लागते, नाहीतर सगळं फिसकटतं. हात बदलला की आकडा आधी कोसळतो. सातावरून ती तीनवर आली आणि जवळपास महिनाभर तिथेच राहिली. वडिलांचा फोन आला: "मॅडम, होतं तेही गेलं." त्यांचं वाईट वाटणं खरं होतं, रिंग त्यांनी पदरमोड करून बसवली होती. जुना सात हा त्या बुटक्या रिंगचा आकडा होता आणि हा तीन मैदानावरचा आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला. अशा वेळी पोरगी जुन्या सवयीकडे परत ढकलली जाते, ती घरच्यांच्याच काळजीपोटी.

वडिलांशी आणखी एक बोलणं झालं. मॅच संपली की मैदानापासून घरापर्यंत गाडीवर चुकांची यादी चालायची. मुलगी मागे बसून गप्प. त्यांना विनंती केली की मॅचच्या दिवशी खेळावर तुम्ही काहीच बोलायचं नाही. बोलायचं असेल तर तिनं सुरुवात करायची. आणि बाहेरून "पास दे, टाक, टाक" हे बंद. आधीच तिला पाहून ठरवायला शिकवतोय, त्यात बाहेरून तिसराच हुकूम आला की ती थिजते. पहिल्या मॅचला ते तोंडावर रुमाल धरून बसले होते, असं आईनं सांगितलं.

फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा सराव ५० सलग करायचा नाही. मॅचमध्ये एका वेळी बहुधा दोनच मिळतात, तेही धाप लागलेली असताना. म्हणून कोर्टच्या दोन फेऱ्या पळायच्या, लगेच बोर्डपासून ४.६० मीटरवरच्या रेषेवर यायचं, दोन टाकायचे, पुन्हा पळायचं. असे पाच वेळा. बॉल हातात आल्यापासून पाच सेकंद असतात. त्यात दोन टप्पे, एक लांब उच्छ्वास, नजर रिंगच्या मागच्या कडेवर, शॉट. क्रम रोज तोच. वहीत दहापैकी किती ते लिहायचं.

बोलता बोलता एक गोष्ट उशिरा कळली. महिन्यातून दोन दिवस ती सरावाला यायची नाही आणि सरांच्या नोंदीत ती 'अनियमित' होती. पाळीचं सरांना कसं सांगायचं, म्हणून गैरहजेरी. आईनं सरांना एकदा फोन केला आणि त्या दिवशी हलका सराव चालेल असं ठरलं. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं, हेही असंच लपवलं जातं. उंची झपाट्यानं वाढायच्या वयात ते बरंच दिसतं. उड्या कमी करून डॉक्टरांना दाखवावं, सहन करत खेळू नये.

सप्टेंबरच्या स्पर्धेत आईला फक्त एक मोजायला सांगितलं होतं: हातून बॉल किती वेळा गेला. गुण मोजायचे नाहीत. उन्हाळ्यातल्या मॅचचा आकडा सरांच्या स्कोअरशीटवरून काढला, तो ११ होता. या वेळी पहिल्या मॅचला सात, तिसऱ्या मॅचला चार. शॉट अजून दहात चारच्या आसपास आहे, फ्री थ्रो दहात पाच. डावा हात अजून कच्चा आहे, घाईत ती अजूनही उजवीकडेच वळते, आणि ते समोरच्या संघांच्या लक्षात यायला लागलंय. दिवाळीपर्यंतचं काम तेच आहे.

ज्या मुलांना मॅचआधी कित्येक दिवस झोप लागत नाही, जेवण जात नाही, ओकाऱ्या येतात, किंवा मैदानाबरोबर शाळेचीही धास्ती आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे असा सराव वाढवला तर दडपण वाढतं. त्यांना आधी समुपदेशकाकडे आणा, बॉल काही दिवस बाजूला राहिला तरी चालेल.