हवालदारसाहेब, ती तारीख तुमच्याच सहीने कागदावर आहे

खटाव तालुक्यातल्या एका निवृत्त लष्करी हवालदारांचं पत्र आलं आहे. १९९३ला भरती, २०१७ला घरी. २००३ साली वडील वारले तेव्हा ते काश्मीरमध्ये होते, मातीलाही पोचता आलं नाही. वारसनोंदीत थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं. आज साडेअकरा एकरांपैकी दोन एकर हवालदारसाहेब स्वतः कसतात. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तिथे विहीर पाडली, पाइपलाइन ओढली. भाऊ आता म्हणतो, तू माझा वाटेकरी, म्हणजे वाट्याने माझं रान कसणारा. प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय महसूल अधिकाऱ्यांकडे, २०१८पासून त्या नोंदीविरुद्धचं आरटीएस अपील पडून आहे. त्यांचा प्रश्न : "अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबू, की दुसरं काही करू?"

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून अशी पत्रं सतत येतात. गाव बदलतं, पलटण बदलते, बाकी मजकूर तोच. म्हणून वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हिस्सा आहे, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. सातबारावर नाव नसल्याने हक्क जात नाही, हेही तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. ते खरं आहे आणि त्याच भरवशावर लोक निवांत बसतात.

तुमच्या अपिलाच्या अर्जाचं दुसरं पान काढा. चौथ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की २० मे २०१४ रोजी सुट्टीवर असताना भावाने चार माणसांसमोर "जमिनीत तुझं काही नाही, तू पगार खाल्लास" असं सांगितलं. तुमच्या दृष्टीने ती मनाला लागलेली गोष्ट. माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. मुदतीच्या कायद्यातल्या अनुच्छेद ११० प्रमाणे, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून ज्याला वगळलं त्याने आपल्या हिश्शासाठी बारा वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. ही बारा वर्षं वडील वारल्यापासून नव्हे, फेरफार मंजूर झाल्यापासूनही नव्हे, वगळल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजायची. म्हणजे २० मे २०२६ला ती भरतात. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मुदत गेली की मिळकतीवरचा हक्कच संपू शकतो.

कोर्टाच्या आवारात कोणीतरी सांगेल की दाव्यात २०१९ सालची तारीख टाका. टाकू नका. जुनी तारीख तुमच्या सहीने सरकारी फायलीत आहे, भावाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत ती समोर ठेवील.

प्रांतांकडचं अपील ही मुदत थांबवत नाही. तिथे फक्त नोंद बरोबर की चूक एवढंच ठरतं. मालकीचा वाद निघाला की जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीसुद्धा महसूल अधिकारी वाटप करू शकत नाही, तो दिवाणी न्यायालयाकडेच पाठवतो. तुमचं तर अजून अपील उशिरा केल्याच्या विलंब माफीवरच अडलंय. कधी साहेब दौऱ्यावर, कधी निवडणुकीचं काम, कधी बदली. एका सैनिकाला फक्त आपलं नाव लावून घेण्यासाठी इतकी वर्षं हेलपाटे घालायला लावणं ही शरमेची गोष्ट आहे. पण तुम्हीही या वर्षांत एकदाही दिवाणी वकिलाला विचारलं नाहीत, याचा मला राग येतो. अपिलात गेलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वजा करून मागता येईल, मिळेलच असं मी म्हणणार नाही.

दोन गोष्टी मात्र तुमच्या बाजूच्या आहेत. फेरफाराच्या नकलेवर भावाच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'ए.कु.मॅ.' लिहिलंय, ते काय असं तुम्ही विचारलंत. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे भावाने नाव लावलं ते सगळ्यांच्या वतीने. आजच्या संगणकीकृत सातबारावर ती अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्या जुन्या फेरफाराची सही-शिक्क्याची नक्कल तहसीलमधून आजच काढा. दुसरं, तुमची विहीर. वीजजोडणी भावाच्या नावावर आहे, तरी खोदाईची आणि पाइपची बिलं तुमच्या नावावर आहेत आणि पैसे तुमच्या पेन्शनच्या खात्यातून गेलेत. वाटेकरी स्वतःच्या ग्रॅच्युइटीतून मालकाच्या रानात विहीर पाडत नाही. तुम्हाला पुरतं वगळलंच नव्हतं, असा युक्तिवादही त्यावर उभा राहतो. सातबारा कोणाचा हे न बघता आयुष्याची पुंजी जमिनीत गाडायला नको होती, पण आता तोच पुरावा आहे.

इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट, १९२५ हाही ध्यानात ठेवा. त्याच्या कलम ११ प्रमाणे सैनिक 'विशेष परिस्थितीत' सेवेत असल्याचा काळ मुदतीतून वगळला जातो. २०१४ ते २०१७ मधली तुमची कोणती पोस्टिंग त्यात बसते, हे लष्कराच्या दाखल्यावर ठरेल. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून ठेवा, पण दाखल्यासाठी दावा अडवू नका.

दावा वडूजच्या दिवाणी न्यायालयात, वाटप आणि स्वतंत्र ताब्याचा. तुम्ही "माझा अर्धा हिस्सा" असं लिहिलंय आणि शेवटून तिसऱ्या ओळीत कोरेगावला दिलेल्या बहिणीचा उल्लेख आहे. तिचा हिस्सा कुठे गेला? मुलीलाही मुलाइतकाच हक्क, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या विनीता शर्मा निकालानंतर यावर वाद उरलेला नाही. तिला पक्षकार केलं नाही तर त्या एकाच मुद्द्यावर दावा पडू शकतो. भावाने तुम्हाला वगळलं म्हणून तुम्ही कळवळून लिहिताय आणि तुमच्या हिशोबात बहीण नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. आई गेल्या असतील तर हिस्सा साधारण एक तृतीयांश धरा, नेमका आकडा कागद पाहून तुमचा वकील सांगेल.

रस्त्याकडच्या एकराचा विसार भावाने घेतल्याची कुणकुण आहे म्हणता. मग दाव्याबरोबरच जमीन विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. अपील मागे घेऊ नका, चालू द्या.

फीची अडचण असेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांना कायदेशीर मदत मिळावी म्हणून २०२५मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे, तिची चौकशी करा. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. तेव्हा दावा एप्रिलमध्येच दाखल झाला पाहिजे, आणि त्याआधी एकदा कोरेगावला बहिणीकडे जाऊन या.