टॉप-अपच्या फॉर्मवर सही करू नकोस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा म्हापशाला भावाकडे, तू फोंड्याच्या फ्लॅटवर, गृहकर्ज दोघांच्या नावे आणि वर त्याची कार्डं, पर्सनल लोन. घर ठेवू की विकू, एवढंच तू विचारलंस. पण घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे.

तो म्हणतो, गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, काढू, सगळी देणी एका हप्त्यात बसतील, व्याजही कमी पडेल. व्याजाचं खरं आहे. पण कार्डाचं देणं आज त्याच्या एकट्याचं आहे, विनातारण. फॉर्मवर तुझी सही पडली की ते तुझंही होतं आणि त्यापायी घर अडकतं. सही करू नकोस. सासूबाई मध्ये पडल्या तरी नाही.

मग ते जॉइंट खातं. तुझा पगार तिथे जमा होतो, तीन तारखेला त्याच्या कार्डाचं ऑटो-पे पैसे ओढून नेतं आणि पाच तारखेला घराचा हप्ता बाऊन्स. डाग मात्र दोघांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर! दुसऱ्या बँकेत स्वतःचं खातं उघड, पगार तिकडे वळव, हप्ता आपोआप कापण्याची परवानगी (मँडेट) तिथूनच दे. ‘माझा अर्धा मी भरला’ हे बँकेत चालत नाही. सहकर्जदार पूर्ण कर्जाला बांधलेला असतो. तुमचं आपसांत काय ठरलं, त्याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात, मग सरफेसी या बँकांच्या वसुली कायद्याची साठ दिवसांची नोटीस. तूर्त पूर्ण हप्ता तूच भर आणि पावत्या जपून ठेव, वाटणीच्या वेळी त्या मांडता येतील.

आता आपल्या गोव्याच्या कायद्याचं. लग्नाआधी नोटरीकडे करार केला नसेल (आणि करतो कोण?), तर मालमत्ता अर्धी-अर्धी, नाव कुणाचंही असो. तुझ्या सहीशिवाय तो फ्लॅट विकू शकत नाही, तूही नाही. वेगळं राहिल्याने ही भागी सुटत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. तुझ्या संमतीशिवाय त्याने काढलेलं कर्ज सहसा त्याच्या हिश्श्यावर पडतं. पण पैसा संसाराला लागला असं दिसलं, तर चित्र पालटतं. म्हणून तो पैसा कसिनोत गेला की घराच्या रंगकामाला, हे दाखवणारी स्टेटमेंट्स आत्ताच गोळा कर.

घर ठेवायचं तर तुझ्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतं का, ते बँकेला लेखी विचार. त्याला कर्जातून मोकळं करायचं की नाही, हे बँक ठरवते. नाही म्हणाली तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलवता येतं. फ्लोटिंग (बदलत्या) व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. मात्र कर्जातून नाव निघालं म्हणजे मालकीतून निघालं, असं समजू नकोस. ते काम वकिलाचं. पगारात बसत नसेल तर दोघांनी मिळून विका, रडत बसू नकोस.

वकिलाकडे जाण्याआधी सिबिलचा अहवाल काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात तुझ्या नावावर तुला माहीत नसलेलं कर्ज किंवा जामीनकी दिसली, तर आधी मला फोन कर.

तुझा,
काका