स्पोर्ट पिस्तूलचा ट्रिगर हलका करण्यासाठी हॅमरची स्प्रिंग कापावी का?

नाही, कापू नका. आधीच कापली असेल तर त्याच मॉडेलची नवी मूळ स्प्रिंग मागवा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल मारता, सराव बालेवाडीला असतो, आणि पॉइंट बावीसचं वापरलेलं पिस्तूल घेतलंय. ट्रिगर ओढायला १३०० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, तो ओढताना खरखरतो, आणि शंभरात दोन-तीन राउंड फुटत नाहीत. रेंजवर कुणीतरी सुचवलं की हॅमर स्प्रिंगचे दोन वेढे उडवले की ट्रिगर लोण्यासारखा होईल. सांगणाऱ्याचं अर्धं खरं आहे. ट्रिगर हलका होईल, पण राउंड न फुटण्याची तक्रार दुप्पट होईल.

मी भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली आणि वीस-बावीस वर्षं पिस्तूल मारतोय, त्यामुळे यातली यंत्राची बाजू आधी सांगतो. हॅमर म्हणजे फायरिंग पिनवर आदळून काडतूस पेटवणारा ठोकळा. तो मागे ताणलेला असतो तेव्हा त्याची खाच सिअरच्या, म्हणजे त्याला अडवून धरणाऱ्या छोट्या भागाच्या, धारेवर अडकलेली असते. ट्रिगर ओढणं म्हणजे ती धार खाचेतून सरकवून बाहेर काढणं. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या जोराने दाबलेले, तितकं घर्षण जास्त, आणि तो दाब येतो हॅमर स्प्रिंगकडून. म्हणून स्प्रिंग मवाळ झाली की बोटाला हलकं लागतं. पण काडतूस पेटवणारी ताकदही त्याच स्प्रिंगची असते. एकीकडे वाचवलेले ग्रॅम दुसरीकडे पिनच्या ठोक्यातून वजा होतात.

पॉइंट बावीस यात जास्तच नाजूक आहे. सेंटरफायर काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर असतो. बावीसला तो नसतो. पेटणारा मसाला केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडाच्या कडेला, रिमच्या पोकळ घडीत, गोल फिरवून बसवलेला असतो. पिनने ती रिम चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, कडेवर दाबून चिमटली तरच तो पेटतो. मागे पिन आणि पुढे पोलादाची कड, दोन्ही घट्ट हवेत. काडतूस पूर्ण आत बसलेलं नसेल तर पिनचा ठोका त्याला पुढे ढकलण्यातच संपतो आणि रिमवर नुसता ओरखडा उमटतो.

वेढे कापण्यात आणखी एक गोम आहे. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती प्रत्येक मिलिमीटरला अधिक ताठ होते. पण लांबी घटल्यामुळे सुरुवातीचा ताण जातो, आणि बहुतेक वेळा एकूण ऊर्जा कमीच भरते. शिवाय कापलेलं टोक घासून सपाट केलेलं नसतं. ते तिरकं बसतं, बाजूला घासतं, आणि ठोका आज एक तर उद्या वेगळा पडतो.

हे मी स्वतःच्या हाताने करून बसलोय. एका राज्य पातळीवरच्या स्पर्धेत स्टँडर्ड पिस्तूल मारत होतो, दहा सेकंदांत पाच राउंडची सिरीज. स्प्रिंगचा दीड वेढा महिन्याभरापूर्वी कापला होता आणि सरावात शे-दीडशे राउंड बिनतक्रार गेले होते. त्या दिवशी तिसऱ्या राउंडला नुसतं टक् झालं. हात सवयीने बोल्टवर (चेंबर मागून मिटणाऱ्या सरकत्या भागावर) गेला आणि मी तो मागे ओढला. तिथेच सगळं संपलं. नियमाप्रमाणे पिस्तूल तोंड पुढे ठेवून तसंच धरायचं आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. राउंड फुटला नाही आणि यंत्रणा चालल्याचं दिसलं, तर तो ग्राह्य बिघाड ठरतो. मी आधीच उघडल्यामुळे तो अग्राह्य ठरला. तीन राउंड शून्य, म्हणजे एका सिरीजमध्ये तीस गुण कापलेल्या स्प्रिंगने आणि घाईने खाल्ले. ते मला अजून बोचतं, म्हणून एवढं लांबवून सांगतोय.

तुमच्या प्रकारात तर याची किंमत आणखी थेट आहे. रॅपिड टप्प्यामध्ये दर वेळी तीन सेकंदांत हात वर आणून एकच राउंड मारायचा असतो. फायनलमध्ये एकेक हिट मोजला जातो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं ते शूट-ऑफमध्ये. तिथे एका न फुटलेल्या काडतुसाने पदकाचा रंग बदलू शकला असता. आणि पिस्तूल महागडं म्हणजे बिनघोर, असंही नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं एअर पिस्तूल मध्येच बिघडलं, बराच वेळ गेला, आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या क्रमांकावर राहिली.

म्हणून क्रम असा धरा: आधी प्रत्येक राउंड फुटला पाहिजे, त्यानंतरच ट्रिगरकडे बघायचं. उलट केलंत तर दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि कशामुळे काय होतंय ते कळेनासं होतं.

न फुटलेली काडतुसं टाकून देऊ नका. (फुटला नाही तर सरावातही तोंड पुढे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. उशिरा पेटणारा राउंड क्वचित येतो, पण येतो.) अशी पाच-सात काडतुसं रेंजवरच्या माणसाला सांगून बाजूला ठेवा आणि भिंगाखाली रिमवरची खूण बघा. फुटलेल्या केसची खूण शेजारी ठेवून ताडून पाहा. खूण खोल, स्वच्छ, फुटलेल्यासारखीच असेल तर दोष काडतुसाचा आहे. रिममध्ये त्या जागी मसाला पोचलेला नाही. तेच काडतूस फिरवून दुसऱ्या बाजूने ठोकलं की बहुधा फुटतं. वेगळ्या लॉटची पन्नासची डबी मारून बघा. खूण उथळ असेल तर ठोका कमी पडतोय. आणि खूण उथळ असूनही तेच काडतूस न फिरवता दुसऱ्या ठोक्याला फुटत असेल, तर पहिल्या ठोक्याने ते आत सरकलं होतं असं समजा.

वापरलेल्या पिस्तुलात हे तिसरं कारण मला सर्वांत जास्त वेळा सापडलंय. बावीसच्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं. ते, काजळी आणि शिसं मिळून चेंबरच्या तोंडाशी एक कडक कडं जमतं. नुसती नळी पुसून ते जात नाही. सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग ब्राँझचा ब्रश चेंबरमध्ये मागच्या बाजूने फिरवा, आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली आणि बोल्टच्या तोंडावरही हीच घाण साचते. बोल्ट जरासा जरी मागे राहिला तरी ठोका हलका पडतो. बोल्टला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग जुनी होऊन बसली असेल तरीही बोल्ट पूर्ण मिटत नाही, म्हणून मागच्या मालकाला विचारा ती शेवटची कधी बदलली. ठाऊक नसेल तर बदलाच.

मग फायरिंग पिन. तिचं टोक चपटं झालंय का, कडा फुगल्यात का, ते बघा. बावीसच्या पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर ठोके मारत बसलं की पिन सरळ चेंबरच्या कडेवर आदळू शकते. पिनही जाते आणि कडेला खड्डा पडतो, आणि मग त्या खड्ड्यात रिमला टेकू मिळत नाही. ड्राय म्हणजे बिनकाडतुसाच्या सरावासाठी पिस्तुलाला वेगळी सोय असेल तर तीच वापरा, नाहीतर स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घाला.

पिनच्या भोकात तेल ओतू नका. डिसेंबर-जानेवारीत बालेवाडीला सकाळी साडेसातला पारा दहाच्या आसपास असतो. जुनं तेल तेव्हा गुळासारखं होतं आणि पिनचा वेग मारतं. दुपारी तेच पिस्तूल बिनतक्रार चालतं, आणि माणूस काडतुसांना दोष देत बसतो. तुमचे मिस (न फुटलेले राउंड) फक्त सकाळी होतात का, हे वहीत लिहून ठेवा. पिनची वाट धुऊन कोरडी ठेवा. पावसाळ्यात मात्र उलटी काळजी घ्या. पिस्तुलाच्या पेटीतला फोम ओल धरतो, तेव्हा बाहेरच्या पोलादावर पातळ तेलाचा हात हवाच.

हे सगळं करून सलग तीनशे राउंड एकही मिस न होता गेले की मग ट्रिगर.

ट्रिगरच्या वजनाची नियमातली खालची मर्यादा २५ मीटरला १००० ग्रॅम आहे, १० मीटर एअर पिस्तूलला ५००. तपासताना नळी उभी धरून वजन ट्रिगरच्या साधारण मध्यावर टांगतात आणि सपाट जागेवरून उचलतात. तीन प्रयत्न मिळतात. स्पर्धेनंतरही अचानक तपासणी होते आणि तिथे कमी भरलात तर बाद. म्हणून १००० वर नेमका लावू नका, १०३० ते १०५० ठेवा. तुमच्या १३०० मधून जेमतेम अडीचशे ग्रॅम कमी होणार आहेत. त्यासाठी स्प्रिंगला हात लावायची गरजच नाही, ते काम समायोजनाचे स्क्रू करतात.

आणि बोटाला खरं सुख मिळतं ते वजनाच्या वाटणीतून. टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत ओढायच्या, ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याचं वजन वेगळं लावता येतं. माझं पिस्तूल पहिल्या टप्प्यात साधारण ७५० घेतं आणि उरलेले ३०० दुसऱ्यात. हात वर येता येता ७५० आधीच बोटावर आलेले असतात, खुणेवर आल्यावर फक्त ३०० वाढवायचे. एकूण वजन तेच, पण सुटताना ते निम्म्याहून हलकं भासतं. तुम्ही ६०० पासून सुरुवात करा आणि आठवड्याला पन्नासने वाढवत न्या. पहिला टप्पा फार जड केला तर दुसऱ्याची पायरीच लागत नाही आणि राउंड वर येताना सुटतो. सुटल्यानंतरची ट्रिगरची धाव स्टॉप-स्क्रूने कमी करा, पण पूर्ण शून्य नको. सिअर अर्धवट अडकून घासू लागतो.

खरखर बहुतेकदा वाळलेल्या तेलाची आणि काजळीची असते. यंत्रणा धुऊन खाचेवर थेंबभर योग्य वंगण लावलं की निम्मी तिथेच जाते. उरली तर सिअर किंवा हॅमरची खाच दगडावर घासू नका, हे मी टूलरूमचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो. वरचा कठीण थर पातळ असतो. तो गेला किंवा कोन जरासा फिरला, की बोल्ट मिटताना पिस्तूल आपोआप सुटू शकतं किंवा एका ओढीत दोन राउंड जातात. शेजारच्या लेनमध्ये माणूस उभा असतो. शिवाय शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या आणि पावती घ्या.

कुठलाही स्क्रू फिरवल्यावर आधी रिकाम्या पिस्तुलावर बोल्ट आठ-दहा वेळा जोरात मिटून बघा, हॅमर पडता कामा नये. मग मॅगझिनमध्ये एकच राउंड, मग दोन, आणि त्यानंतरच पाच. प्रत्येक बदल वहीत, स्क्रूच्या फेऱ्यांसकट.

पाच मिस झालेल्या केसच्या रिमचे फोटो जवळून काढून इथेच टाका, शेजारी एक फुटलेली केसही ठेवा. आणि पिस्तुलाचं मॉडेल लिहा, म्हणजे पहिल्या टप्प्याचा स्क्रू नेमका कुठला ते सांगता येईल.