डिस्क कॉपी होता होता नव्वद टक्क्यांवर अडकते

प्रश्न : मुलीच्या लहानपणीच्या व्हिडिओंच्या बारा-तेरा डीव्हीडी आहेत, त्यांच्या कॉप्या काढायच्यात म्हणून यूएसबी डीव्हीडी रायटर घेतला. जुनी डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये आणि कोरी रायटरमध्ये घालून थेट कॉपी लावतो. पहिल्या दोन झाल्या, पण तिसरी ८०-९० टक्क्यांवर गेली की एरर येतो, पाच कोऱ्या डिस्क वाया गेल्या. त्याआधी एक डिस्क नुसत्या फाइली ओढून केली होती, ती लॅपटॉपवर चालते पण टीव्हीच्या प्लेयरला दिसतच नाही. रायटर खराब निघाला का?

उत्तर : रायटरला इतक्यात दोष देऊ नका, आणि सगळ्यात आधी कोऱ्या डिस्क घालणं थांबवा. थेट कॉपीत वाचणं आणि लिहिणं एकदमच चालतं, त्यामुळे जुन्या डिस्कचा एखादा भाग वाचता आला नाही तरी फुकट जाते ती कोरी डिस्क आणि बोल लागतो रायटरला. म्हणून ही दोन्ही कामं वेगळी करा, आधी जुन्या डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक फाइल, हार्डडिस्कवर घ्या. तीही तिथेच अडकली तर दोष जुन्या डिस्कचा.

मला तोच संशय आहे. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे ८०-९० टक्के म्हणजे बाहेरची कड, आणि डिस्क आपण धरतो तीही कडेलाच. उजेडाखाली जरा तिरकी धरून बघा, कडेला अंगठ्याचा ठसा नाहीतर धुरकट डाग सापडेल. मऊ सुती कापड पाण्यात किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नको, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या बरोबरीने जातो आणि एकाच जागचा सलग डेटा खातो, आडवा ओरखडा बऱ्याचदा ड्राइव्ह सावरून घेतो. पुसूनही वाचत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हला न जमलेली डिस्क दुसरा वाचतो हे खूपदा होतं.

इमेज नीट आली आणि लिहितानाच एरर आला तर मग रायटरकडे वळा. तो यूएसबी हबला, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला लावलाय का? काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, लिहिताना लेझर आणि मोटरला त्याहून जास्त लागू शकतात. दोन प्लगवाली केबल आली असेल तर दोन्ही प्लग लावा. स्पीड ४एक्स ठेवा, पूर्ण डिस्कला साधारण पंधरा मिनिटं लागतील, लागू देत. झाल्यावर व्हेरिफाय कराच, म्हणजे लिहिलेलं नीट उतरलंय का ते तपासून घ्या, ते न करता जुनी डिस्क टाकून देऊ नका. आणि इमेज ४.७ जीबीच्या वर गेली तर मूळ डिस्क ड्युअल लेयर, म्हणजे डेटाचे दोन थर असलेली आहे, तिला ८.५ जीबीचीच कोरी डिस्क लागते.

आता टीव्हीच्या प्लेयरचं. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी, तिथे बहुतेक पहिला पर्याय घेतला गेला असणार. तशी डिस्क कॉम्प्युटरला कळते, प्लेयरला नाही. आयएसओ फाइलवर राइट क्लिक करून बर्न डिस्क इमेज घ्या, म्हणजे मूळ डिस्कची रचना जशीच्या तशी उतरते. प्लेयर जुना असेल तर डीव्हीडी मायनस आर घ्या, जुन्या प्लेयरना ती जास्त मानवते.

आणि त्या इमेज डिलीट करू नका हो, एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाच. मुलीचं लहानपण परत शूट करता येत नाही.

प्रश्न : सीडीवर नावाचं स्टिकर लावलं तर चालेल का?

उत्तर : नको. सीडीचा डेटा छापील बाजूच्या अगदी खाली असतो, स्टिकर उपटताना तो थरच निघून येतो. डीव्हीडीत डेटा प्लास्टिकच्या दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण स्टिकर वाकडं बसलं की डिस्क फिरताना थरथरते. मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक रिंगवर लिहा.